कडवं संपेपर्यंत

"या गाण्यांच्या तळाशी सतत एक घरघर ऐकू येते. ती कोणत्या वाद्याची आहे हे शोधायचा मी प्रयत्न केला आणि मग नाद सोडून दिला. काही गोष्टी न कळण्यातच गोडी असते."

वाद्य म्हणजे बाबांचं ऑक्सिजनचं मशीन.

गुडघ्याएवढं, खाली चाकं, एके काळी पांढरं आणि आता चहात बुडवून काढल्यासारखं. ते खोलीतली हवा ओढायचं, आत काय खटपट करायची ती करायचं आणि उरलेलं पातळ नळीतून बाबांच्या नाकात सोडायचं. घुर्र, घुर्र, मग फुस्स. बाबा फरशी कापणारे. जन्मभर कटरपुढे वाकून त्यांनी लोकांच्या घरातल्या जमिनी गुळगुळीत केल्या आणि त्या जमिनींचं पीठ छातीत साठवून घरी आणलं.

ताईने धाकट्या बारकीच्या पहिल्या अल्बमचं परीक्षण मोठ्याने वाचलं. हात ओले होते म्हणून पेपर कोपराने धरून वाचलं.

"घरघर कुणाला म्हणाला?" बाबांनी विचारलं. "मला की मशीनला?"

"मशीनला, बाबा."

"मग ठीक आहे. पुन्हा वाच."

ताईने पुन्हा वाचलं. बारकी पलंगाशेजारच्या स्टुलावर गिटार मांडीत घेऊन बसली होती. लाजून कानापर्यंत लाल झाली होती, आणि पुन्हा वाचायला नको असं मात्र एकदाही म्हणाली नाही.


"जगाच्या पट्टीपेक्षा किंचित खाली लावलेली ही गिटार म्हणजे एक शांत बंडखोरी आहे."

बंडखोरी कसली! ताई दिवसभर धुलाईच्या दुकानात, मागच्या अंगाला, लोकांचे कपडे आटवत आणि वाढवत बसायची. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबांना एकटं ठेवायची सोय नव्हती, तेव्हा बारकीने गाणं म्हणायचं ते त्याच खोलीत. मशीन बंद करता येत नव्हतं. मशीनचा सूर बदलता येत नव्हता. राहिली गिटार. तिचे कान पिळता येतात, म्हणून तिचे पिळले. बाबांचा श्वास मशीनला धरून चालायचा, बारकीचं गाणं बाबांच्या श्वासाला धरून, आणि खोलीच्या मध्यभागी एकच माइक, जे येईल ते पोटात घालणारा.

असा पहिला अल्बम झाला. लोकगीताचा कणा आणि पॉपचं हलकं अंग, असं कुणीतरी म्हणालं. "कणा तुझा आणि अंग माझं," बाबा म्हणाले, "हलकं तर मीच झालोय. पुढच्या वेळी माझंही नाव छापा."


"इथे काहीही खोटं नाही. मागाहून चिकटवलेलं काहीही नाही."

हे वाक्य बारकीने कापून आरशाच्या कडेला लावलं. सगळं तिथून बिघडलं असं ताईला पुढे वाटायचं. त्या दिवशी मात्र तिला एवढंच दिसलं की कागद वाकडा कापलाय.


(आता परीक्षणातलं वाक्य नाही. मशीनवाल्यावर कुणी परीक्षण लिहीत नाही.)

मशीनवाला दर महिन्याला यायचा, जाळी झटकायचा, बाबांशी दोन गप्पा मारायचा. दुसऱ्या अल्बमचं काम चालू होतं तेव्हा आला आणि गप्पा न मारता उकिडवा बसून राहिला.

"पिवळा दिवा लागलाय."

"मग?" ताई म्हणाली.

"मग म्हणजे हवा येतेय, पण हवेत माल कमी. थकलंय हे. बदलून देतो. उद्या नवीन ठेवतो आणि हे घेऊन जातो."

"दोन्ही राहू दे की," बारकी म्हणाली.

"भाड्याचं आहे. एक ठेवायचं, एक न्यायचं."

"नवं कसं आहे? म्हणजे, आवाजाला?"

मशीनवाल्याला वाटलं ही काळजीने विचारतेय. त्याचा चेहरा खुलला. "आवाजच नाही! वर माशी बसली तर माशीचा ऐकू येईल, मशीनचा नाही."

बारकीचं तोंड एवढंसं झालं. "एकच गाणं राहिलंय," ती म्हणाली.

"राहू दे रे," बाबा पलंगावरून म्हणाले. त्यांना आता एका दमात इतकंच जमायचं. पुढचं थांबून यायचं. "मी आणि ते. एका वयाचे झालोय. एकदम कशाला. वेगळं करतोस."

मशीनवाला हसला नाही. तो उठला आणि ताईकडे वळला. "तुम्ही मोठ्या ना? मग तुम्ही ऐका. पिवळा आहे तोवर रेटता येईल. बीप वाजायला लागला की गाणंबिणं गुंडाळायचं आणि मला फोन करायचा. तासाभरात येतो. मग मध्ये 'एवढं होऊ दे, तेवढं होऊ दे' नको."

"नाही," ताई म्हणाली. आणि म्हणाली तेव्हा ते खरं होतं.


स्वयंपाकघरात दोघींची जुंपली. दार लोटून, दबक्या आवाजात, कारण पलीकडे बाबा आणि बाबांचे कान अजून शाबूत.

"आवाज टेप करून ठेव आणि लाव नंतर हवा तेवढा."

"केलाय. मेलेला वाटतो."

"मशीन आहे ते, बारके. जिवंत कधी होतं?"

"बाबा टेपला धरून श्वास घेतील का? मग मी कुणाला धरून गाऊ? आणि ते चिकटवलेलं कळतं ताई, लगेच कळतं."

"अल्बम काढणाऱ्या कंपनीचा स्टुडिओ आहे ना? तिथे जा."

"गेले होते की. तू विचारलंस का कसं झालं? काचेच्या बरणीत बसून गातेय असं वाटलं. परत आले."

"लोकांना काय घंटा कळतंय त्यातलं!"

"त्या परीक्षणवाल्याला कळेल."

"कोण तो? तुझा बाप आहे का?"

"बाप काय म्हणाला ते ऐकलंस ना मघाशी?"

ताईने पातेलं आपटलं. "उद्या मी फोन करणार. नवं मशीन येईल. तुझं गाणं गेलं चुलीत."

दुसऱ्या दिवशी ती फोन करणारच होती. पण दुसऱ्या दिवशी समीक्षक आला.


बाबांनी त्याचं नाव आधीच कानसाहेब ठेवलं होतं. बारीक अंगाचा, खांद्यात वाकलेला, माफी मागत चालल्यासारखा चालणारा माणूस. नव्या अल्बमवर लिहायच्या आधी गाणी जिथे होतात ती खोली बघायची होती म्हणे. खोलीत आला आणि मशीन बघून दारातच थबकला. घरघर कसली ते त्याला त्या क्षणी कळलं.

"या कानसाहेब," बाबा म्हणाले. "हेच ते. न कळण्यातली गोडी."

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "मी आलोय म्हणून काही थांबवू नका," तो म्हणाला. "किंवा... थांबवायचं असेल तर थांबवा."

"हे थांबवलं तर मीच थांबतो," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याला वेळ लागला.

बारकी गायली. जुनंच एक गाणं. ताई कोपऱ्यात बाबांच्या चादरी घड्या घालत होती आणि घरी असली की गुणगुणायची तशी खालच्या सुरात गुणगुणत होती. हात चालले की तिचा गळा आपोआप चालायचा. समीक्षकाने डोळे मिटले होते ते मध्येच उघडले.

"तुम्ही होय!"

ताईच्या हातातली चादर तशीच राहिली.

"पहिल्या अल्बममध्ये मागे एक आवाज येतो. मला वाटलं गायिकाच दोनदा गायलीय. कुठे शिकलात?"

"धुलाईच्या दुकानात," ताई म्हणाली. सगळे हसले. समीक्षक हसला नाही.

"खरं सांगू? हिचा आवाज दाराशी येऊन उभा राहतो. तुमचा आधीपासून घरातच असतो. त्याच्याशिवाय ही गाणी उघड्यावर पडतील."

ताईला उभ्या जन्मात लोकांनी नाना गोष्टी सांगितल्या होत्या: बाही तोकडी झाली, कंबर सैल ठेवा, शनिवारपर्यंत द्या. असं कुणी काही सांगितलं नव्हतं. ती घडी घातलेली चादर पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालू लागली.

जाताना समीक्षक मशीनपाशी थांबला. मान तिरकी करून ऐकलं. "हे मागच्यापेक्षा खोल गेलंय, नाही? आणि थोडी थरथर आलीय. हे फार सुंदर आहे."

थरथर कशाची ते घरातल्या तिघांनाही माहीत होतं. बाबा म्हणाले, "वय झालं की आवाजाला वजन येतं," आणि कानसाहेबांनी मान डोलावली.

ताईने फोन केला नाही. त्या दिवशी नाही आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानात बसून ती एका कोटाची शिवण उसवत होती आणि ओठ मिटून गात होती. मालकाने विचारलं, "आज स्वारी खुशीत?" ती म्हणाली, "छे, कुठे काय."


बीप सकाळी वाजला.

ताई बाबांची उशी बदलत होती. बारीक, चिरका आवाज. मग थोडं थांबून पुन्हा. बाबांचा चेहरा पहाटेपासून फडक्याच्या रंगाचा झाला होता. ताईने फोन उचलला. नंबरही काढला.

"दुपारी," बारकी दारातून म्हणाली. तिचे डोळे तारवटलेले होते. "दुपारी शेजारी कामाला गेलेले असतात, गल्ली शांत असते. एकदाच गाते. एकदाच, ताई! मग तू फोन कर, मी स्वतः ते मशीन खाली नेऊन देते."

"बीप वाजतोय बारके."

"मला ऐकू येतंय. आणि तू गा माझ्याबरोबर. कोपऱ्यातून नाही. माइकसमोर, शब्द घेऊन."

ताई बाबांकडे वळली. तिला वाटलं, ते म्हणतील 'कर फोन'. मग विषय मिटेल.

"एकच ना गाणं," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "मी कुठे. पळून जातोय."

बीप.

मशीनच्या पाठीला बोटभर रुंदीची जाळी होती, बीप तिथून यायचा. ताईच्या शिवणाच्या पिशवीत कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस होता. तिने तो चिमटीत घेतला, जाळीवर दाबून बसवला, वरून चिकटपट्टी मारली. बीप राहिला, पण दूरच्या घरातला झाला. तिने आणखी कापूस घेतला.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बारकी तोंडावर हात ठेवून बघत होती, आणि तिने नको म्हटलं नाही. एवढाच तिचा वाटा.


बारकीचा नियम: एकदा सुरू झालं की मध्ये थांबायचं नाही. संपल्यावर, तिचा हात खाली येईपर्यंत, कुणी हलायचं नाही. गाण्याच्या शेपटीला घरघर हवी असते. ती नेहमी खिडकीकडे तोंड करून, पलंगाकडे पाठ करून गायची. ताई बाबांच्या उशाशी.

पहिलं कडवं

कोट कुणाचा खुंटीवरती, घरात नाही कोणी

दोन आवाज एकमेकांत असे बसले की ताईच्या अंगावर काटा आला. शिवण घातल्यावर कापड जिथे जुळतं ती रेघच दिसू नये, तसे. घुर्र, घुर्र, फुस्स. बाबांचा श्वास आत. घुर्र, घुर्र, फुस्स. बाबांचा श्वास बाहेर. बाबांचे डोळे मिटलेले. एक बोट चादरीवर ताल धरून.

मोकळी जागा

फक्त गिटार. बोट थांबलं. ऐकत असतील.

दुसरं कडवं

जिन्या

घुर्र, घुर्र, फुस्स, आणि काही नाही.

ताईने पाहिलं. छाती वर आली नव्हती. ओठांना पाटीवरच्या पेन्सिलीसारखा रंग आला होता. तिचा आवाज तुटला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पुढ्यात बारकीची पाठ होती, खांदे डुलत होते, आणि तिचा आवाज एकटाच पुढे निघाला होता. खरोखर उघड्यावर पडल्यासारखा.

कडवं संपू दे, ताईला वाटलं. एवढं कडवं.

वरती पाऊल वाजे, वर येईना कोणी

कडवं संपता संपता बाबांनी एक श्वास घेतला. मोठा, खोल, कितीतरी दिवसांत घेतला नव्हता तसा. बघ, ताईने स्वतःला सांगितलं. बघ, घेतला. त्या एका श्वासावर तिने तिसरं कडवं गायलं.

तिसरं कडवं

घुर्र, घुर्र, फुस्स.
घुर्र, घुर्र, फुस्स.

शेवट

बारकीचा हात वर होता. कुणी हललं नाही. हात खाली आला, बारकी वळली. चेहऱ्यावर असं हसू की लहानपणीही कधी दिसलं नव्हतं. "झालं!" ती म्हणाली. "बाबा, झालं!"


डॉक्टर म्हणाले, हे झोपेतही झालं असतं. ते कुणालाही असंच म्हणत असावेत. ते यायच्या आधी ताईने कापूस काढून खिशात घातला होता. बारकीने ते पाहिलं होतं. त्याबद्दल दोघी एक अक्षरही बोलल्या नाहीत. मशीनवाला मशीन घेऊन गेला.

त्या दुपारचं गाणं बारकीने ऐकलं नाही. ऐकवेना. कंपनीचा फोन आला तेव्हा म्हणाली, "जसंच्या तसं पाठवते. हात लावायचा नाही."

"नको पाठवूस," ताई म्हणाली.

"का?"

"राहू दे ना आपल्याजवळ."

"त्यांचा शेवटचा श्वास आहे त्यात. त्यांना तर नाव छापून हवं होतं."

नाव छापलं. साथसंगत: बाबा. दुसरा आवाज: ताई.


"शेवटचं गाणं ऐकताना एका जागी मी खुर्चीतून उठलो. दुसऱ्या कडव्यात, 'जिन्यावरती' या शब्दाच्या मधोमध, दुसरा आवाज तुटतो. गाणाऱ्या बाईने त्या क्षणी काहीतरी पाहिलं असावं असं वाटतं. आणि ती पुढे गाते. किती धैर्य आहे या पुढे गाण्यात! ही तरुण गायिका आता उगवती राहिलेली नाही, उगवली आहे. पण हे वर्ष मी त्या एका तुटण्यासाठी लक्षात ठेवीन."

ताईने हे दुकानात वाचलं होतं. पेपर घडी करून तिथेच इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवला होता. पण पेपर काय एकच छापतात? संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बारकी स्टुलावर बसून होती. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली. बारकीच्या कानात हेडफोन. ती गाणं ऐकत होती. पहिल्यांदाच.

तिने बटण दाबलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"काय पाहिलंस?"

ताईने पिशवी खाली ठेवली नाही. "काही नाही. ठसका लागला."

"ताई."

ताईने पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला.

"दुसऱ्या कडव्यात थांबला होता का श्वास?"

"हो."

"तुला दिसलं होतं."

"हो."

"आणि तू गात राहिलीस."

"मला वाटलं, कडवं संपू दे." ताई घाईघाईने म्हणाली, "मग घेतला गं त्यांनी एक श्वास, चांगला मोठा घेतला. आणि तूच म्हणायचीस मध्ये थांबायचं नाही." म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

बारकी रडेल असं ताईला वाटलं. ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. ताई त्याची वाटच बघत होती. बारकी भिंतीकडे बघत बसली. फोन वाजला तेव्हा पहिल्यांदा तिने उचललाच नाही; दुसऱ्यांदा उचलला. कुणीतरी कार्यक्रम करणारा होता. मोठा हॉल, मोठा आवाज. पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू येत होतं. "दोघींनी यायचंय बरं का. परीक्षण वाचल्यापासून लोक विचारतायत, ती जागा करणार ना? ती जागा झालीच पाहिजे."

"येऊ," बारकी म्हणाली. "दोघी येऊ. ती जागा होईल."

"बारके, मला जमायचं नाही," ताई म्हणाली.

बारकीने गिटार घेतली. खोलीत कसलाही आवाज नव्हता. तिने आठवणीवर तारा लावल्या, खाली, आणखी खाली. "उशाशी उभी राहा. जिथे होतीस तिथे."

"अगं, गादीसुद्धा काढलीय..."

"राहा उभी."

ताई पलंगाच्या डोक्याकडे जाऊन उभी राहिली. पिशवी अजून खांद्यालाच होती. बारकी खिडकीकडे तोंड करून बसली आणि सुरू झाली. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात ताई सरळ पार गेली, एकाही ठिकाणी न तुटता. तिचा गळा तेवढा चांगला होता.

"अडखळ ना," बारकी न वळता म्हणाली.

"मुद्दाम नाही येत गं."

"तेव्हा आलं होतं. पुन्हा."

दुसऱ्यांदा ताईने आवाज तोडला.

"लवकर झालं," बारकी म्हणाली. "आधी 'जिन्या' पूर्ण होऊ दे. मग बघ. मग पुढे जा. पुन्हा."